'येट' म्हणजे 'नाही' नव्हे! मोबाईलवर रोज दिसणारा छोटा शब्द समजून घ्या

बोईसर : तुम्ही स्टेशनवर उभे आहात. वलसाड-सुरतकडून येणारी गाडी कुठवर आली म्हणून रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर बघता, तर तिथे लिहिलेलं असतं – 'येट टू स्टार्ट फ्रॉम इट्स सोर्स'. यातला 'स्टार्ट' शब्द ओळखीचा, म्हणून वाटतं, चला, गाडी सुटली! प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. गाडी जिथून निघते, तिथूनच ती अजून सुटलेली नाही.

हा घोळ 'येट' या शब्दामुळे होतो. ऑनलाइन फॉर्मचं स्टेटस, बँकेचा मेसेज, कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळीकडे हा शब्द असतो. शब्द छोटा आहे, पण चुकीचा वाचला तर खेप फुकट जाते. कारखान्यात तर जिवावर बेतू शकतं.

आपला एक 'अजून', त्यांचे तीन शब्द

ही तीन वाक्यं बघा.

अजून पाऊस पडतोय.
अजून पाऊस पडला नाही.
अजून पाऊस पाहिजे.

आपण तिन्ही ठिकाणी 'अजून'च म्हणतो. इंग्रजीत मात्र तीन वेगळे शब्द लागतात. पहिल्या वाक्यात पाऊस थांबलेला नाही, चालूच आहे; तिथे 'स्टिल' येतो. दुसऱ्यात पावसाची वाट बघतोय, तो आलेला नाही. तिथे 'नॉट' आणि 'येट' येतात. तिसऱ्यात जास्तीचा पाऊस हवाय, तिथे 'मोअर'.

ओळखायची सोपी खूण अशी. 'अजून'च्या जागी 'आणखी' बसत असेल तर 'मोअर'. गोष्ट आधीपासून चालू असेल तर 'स्टिल'. गोष्ट व्हायची बाकी असेल तर 'येट'.

हा गोंधळ फक्त मराठीत नाही. हिंदीत 'अभी तक' आणि डहाणू-तलासरीकडे ऐकू येणाऱ्या गुजरातीत 'हजी', हे दोन्ही शब्द 'स्टिल' आणि 'येट' अशा दोन्ही अर्थांनी चालतात. त्यामुळे कंपनीत हिंदी बोलणारा सोबतीही इथेच अडखळू शकतो.

'नॉट अप्रूव्हड' आणि 'नॉट येट अप्रूव्हड'

या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'नॉट अप्रूव्हड' म्हणजे अर्ज मंजूर झाला नाही. 'नॉट येट अप्रूव्हड' म्हणजे निर्णय व्हायचा आहे, अर्ज जिवंत आहे.

फक्त 'नॉट' वाचून माणूस हिरमुसतो आणि सायबर कॅफेत जाऊन पुन्हा पैसे मोजून फॉर्म भरायला बसतो. मग स्क्रीनवर 'ऑलरेडी सबमिटेड' येतं. म्हणजे फॉर्म आधीच भरलेला आहे. 'ऑलरेडी' हा 'येट'च्या उलट शब्द. 'येट' म्हणजे व्हायचंय, 'ऑलरेडी' म्हणजे होऊन गेलंय. जव्हार-मोखाड्याहून पालघरला कचेरीत यायचं तर अख्खा दिवस जातो. निघायच्या आधी स्टेटसमध्ये 'येट' आहे का ते नीट बघा.

'येट टू' : 'नॉट' नाही, तरी अर्थ 'नाही'

सगळ्यात फसवी जागा हीच. 'येट टू' आलं की वाक्यात 'नॉट' नसलं तरी काम झालेलं नसतं. 'पेमेंट येट टू बी रिसीव्हड' म्हणजे पैसे मिळालेले नाहीत. 'डॉक्युमेंट्स येट टू बी व्हेरिफाइड' म्हणजे कागदपत्रं तपासायची बाकी आहेत.

तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखाने बरेच आहेत. शिफ्ट बदलताना लॉगबुकमध्ये किंवा ग्रुपवर इंग्रजीत दोन ओळी लिहायची पद्धत असते. समजा लिहिलंय, 'टँक येट टू बी क्लीन्ड'. घाईत वाचणाऱ्याला 'टँक' आणि 'क्लीन्ड' एवढंच दिसलं, तर तो समजेल टाकी साफ झाली. खरं तर टाकी साफ व्हायची आहे, आत वायू किंवा रसायन असू शकतं. तसंच 'लाइन येट टू बी ड्रेन्ड' म्हणजे पाइप रिकामा झालेला नाही.

अशा वेळी अंदाज लावू नका. सुपरवायझरला सरळ मराठीत किंवा हिंदीत विचारा, 'झालंय की व्हायचंय?' विचारण्यात कमीपणा नाही. आणि लिहिणारे तुम्ही असाल तर 'येट टू' टाळून 'नॉट क्लीन्ड' असं मोठ्या अक्षरात लिहा. शक्य असेल तर मराठीतही लिहा.

विचारताना आणि उत्तर देताना

'हॅव यू रीच्ड बोईसर येट?' म्हणजे बोईसरला पोचलास का? पोचला नसाल तर 'नो' म्हणण्यापेक्षा 'नॉट येट' म्हणा. 'नो' तुटक वाटतं. 'नॉट येट'मध्ये 'पोचतोच आहे' असा सूर असतो.

पगाराचा मेसेज करतानाही सूर सांभाळावा लागतो. 'आय हॅव नॉट रिसीव्हड माय सॅलरी येट' हे साधं सांगणं झालं. 'आय स्टिल हॅव नॉट रिसीव्हड माय सॅलरी' यात 'इतके दिवस झाले तरी' अशी नाराजी येते. पहिल्यांदा कळवताना 'येट' वापरा. दोन-तीनदा सांगूनही पैसे आले नाहीत, तर 'स्टिल' लिहायला हरकत नाही.

आणखी काही ठिकाणी

'नो व्हेकन्सी अ‍ॅज येट' म्हणजे आजच्या घडीला जागा नाही, पुढे निघू शकते. 'बेस्ट येट' म्हणजे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं. 'येट अनदर' म्हणजे आणखी एक, आणि त्यात बहुतेक वेळा कंटाळा असतो, जसं की पुन्हा एकदा लाइट गेली! कधी 'येट'चा अर्थ नुसता 'तरी' असतो. 'सिंपल येट स्ट्राँग' म्हणजे साधं, तरी मजबूत.

थोडक्यात, मेसेजमध्ये 'येट' दिसला की लगेच खूश होऊ नका आणि निराशही होऊ नका. आधी बघा, शेजारी 'नॉट' आहे की 'टू'. दोन्हींत काम झालेलं नाही, पण व्हायचं आहे. अर्जाच्या बाबतीत याचा अर्थ थोडा धीर धरा. टाकीच्या बाबतीत याचा अर्थ आत पाऊल टाकू नका.