हेरवाड : ठरावाच्या पुढचं काम

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती गेल्यावर स्त्रीचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं थांबवायचं. राजर्षी शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी दोन दिवसांवर होती. कल्पना करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची. ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक मात्र गावातल्याच महिला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

पण अशा ठरावाला दंडाची ताकद नसते. ऐन दुःखाच्या घडीला भावकीतल्या वडीलधाऱ्या बायकांची समजूत घालणं फार अवघड. ही बोलणी आधीच, बचत गटात, अंगणवाडीत व्हायला हवीत. गावातल्या माणसांना या संवादाचं प्रशिक्षण देणं रस्ते-गटारांइतकंच निकडीचं आहे. ज्या विधवेला हळदी-कुंकवालाही बोलावत नाहीत, ती पाण्याच्या प्रश्नावर ग्रामसभेत कशी बोलणार?

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या गावात ती होते का, हे विचारा आणि हा विषय तिथे मांडा.