स्टेनलेस स्टीलचा थ्रेडेड रॉड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एसीचे डक्ट, पाइप किंवा केबल ट्रे छताला टांगायचे, तर आटे पाडलेला रॉड लागतो. ‘स्टेनलेस घेतला की गंजाची काळजी मिटली’ हा त्याबाबतचा पहिला गैरसमज. या पोलादाला जपतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि क्लोराइड नेमके तोच भेदते. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे 1985 मध्ये जलतरण तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून 12 जणांचा मृत्यू झाला. ते छत स्टेनलेसच्या टांगण्यांवर तोललेले होते. तलावाच्या हवेतील क्लोराइड आणि टांगण्यांवरचा सततचा ताण यांमुळे धातूला तडे गेले होते. म्हणून ग्रेड जागा पाहून ठरवावा. 304 ग्रेडमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनमही असते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावरच्या कामाला 316 उजवा ठरतो. बंदिस्त तलावाच्या छताचा भार मात्र त्याच्यावरही सोपवू नये. तिथे खास मिश्रधातू लागतात.

‘महाग म्हणजे मजबूत’ हा दुसरा गैरसमज. ए2-70 वर्गाच्या (ए2 म्हणजे 304 च्या गटातील स्टेनलेस) रॉडची ताणशक्ती किमान 700 मेगापास्कल असते, तर 8.8 वर्गाच्या साध्या पोलादाची 800. रॉड कायमचा ताणला जाण्याची मर्यादा अनुक्रमे 450 आणि 640. ए2-50 मध्ये ती अवघी 210 असते, म्हणजे साध्या 4.6 वर्गाच्या 240 पेक्षाही कमी. त्यामुळे 8.8 च्या जागी त्याच जाडीचा स्टेनलेस रॉड बसवला, तर जोड कमकुवत होऊ शकतो. ‘लोहचुंबक चिकटला तर स्टेनलेस नव्हे’ ही परीक्षाही फसवी आहे. थंड अवस्थेत आटे पाडताना 304 ला थोडे चुंबकत्व येऊ शकते, आणि 304 की 316 हे चुंबक सांगू शकत नाही.

मग एवढे पैसे कशाला, हा आक्षेप कोरड्या, बंदिस्त जागेपुरता रास्त आहे. तिथे जस्ताचा मुलामा दिलेला रॉड पुरतो. पण ओल, खार किंवा रसायने असतील, तर वारंवार रॉड बदलण्याचा खर्च त्याहून जड जातो. बसवतानाही घाई नको: स्टेनलेसच्या रॉडवर स्टेनलेसचा नट वेगाने आवळला, तर आटे एकमेकांना चिकटून नट कायमचा अडकू शकतो. योग्य वंगण लावून तो सावकाश आवळावा. खरेदीच्या वेळी ग्रेड आणि ताकदीचा वर्ग दोन्ही बिलावर लिहून घ्यावेत. डोक्यावर टांगलेल्या वजनाखाली माणसे वावरतात, तिथे नुसत्या चकाकीवर भरवसा ठेवणे परवडत नाही.