मॅकडोनाल्ड्सच्या बिलावर वेगळ्याच कंपनीचं नाव का असतं?

मुंबई-पुण्यात मॅकडोनाल्ड्समध्ये गेलात, तर बिल नीट बघा. त्यावर 'हार्डकॅसल रेस्टॉरंट्स' असं नाव दिसेल. डॉमिनोजच्या बिलावर 'ज्युबिलंट फूडवर्क्स'. पाटीवर एक आणि बिलावर दुसरंच, हे कसं काय?

कारण पाटीवरचं नाव या कंपन्यांच्या मालकीचं नाही. ते करार करून वापरायला घेतलंय आणि त्यासाठी विक्रीतला ठरावीक हिस्सा रॉयल्टी म्हणून द्यावा लागतो. राहायचं आपण, सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा मामला.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. नावाचा प्रश्न आला की ट्रेडमार्क कायदा, 1999 आणि दोघांमधला लेखी करार बघितला जातो. या कायद्याच्या कलम 48 नुसार, परवानगीने केलेला नावाचा वापर हा मूळ मालकानेच केलेला वापर धरला जातो. म्हणजे 10 वर्षं घाम गाळून तुम्ही गावात त्या नावाची पत वाढवली, तरी नाव मालकाचंच. आणि समोरच्या गल्लीत कुणी त्याच नावाची डुप्लिकेट पाटी लावली तर? ट्रेडमार्क कार्यालयात 'नोंदणीकृत वापरकर्ता' म्हणून तुमची नोंद नसेल, तर कलम 53 प्रमाणे तुम्हाला स्वतः दावाही लावता येत नाही.

बाकीचे नियम करारात असतात. लोगोचा रंग बदलायचा नाही, आपल्या कंपनीच्या नावात ब्रँड घुसवायचा नाही, न विचारता जाहिरात करायची नाही, परस्पर इन्स्टाग्राम पेज काढायचं नाही. जाचक वाटतं खरं. पण एका शाखेत खराब तेल वापरलं, तर बोंब सगळ्या शाखांच्या नावाने होते.

करार मोडला की काय होतं, हे दिल्लीत दिसलं. उत्तर आणि पूर्व भारतातली मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या कॅनॉट प्लाझा रेस्टॉरंट्समध्ये मॅकडोनाल्ड्स आणि विक्रम बक्षी यांची निम्मी-निम्मी भागीदारी होती. 2013 मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालक पदावरून हटवलं आणि भांडण पेटलं. ऑगस्ट 2017 मध्ये मॅकडोनाल्ड्सने 169 दुकानांचे करार रद्द केले. 15 दिवसांत नाव, लोगो, डिझाइन, अगदी रेसिपीसुद्धा वापरणं बंद करा, असं बजावलं. स्वयंपाकघर तेच, कामगार तेच, पण त्यांनी विकायचं काय? मुदत संपल्यावरही बरीच दुकानं त्याच नावाने सुरू राहिली आणि वाद चालूच राहिला. शेवटी मे 2019 मध्ये मॅकडोनाल्ड्सने बक्षींचा हिस्सा विकत घेऊन तो मिटवला.

बक्षींकडे विकायला निदान हिस्सा तरी होता. कर्ज काढून चहाची किंवा वडापावची फ्रँचायझी घेणाऱ्याकडे तोही नसतो. करार संपला की पाटी उतरते. गाळ्याचं भाडं आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच. म्हणून सही करण्याआधी मुदत किती, नूतनीकरण कसं आणि करार कोणत्या कारणांनी रद्द होऊ शकतो, ही कलमं वकिलाकडून वाचून घ्या.

आणि नाव देणाऱ्याकडे ते नाव आहे का, हेही तपासा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर ते फुकटात शोधता येतं. लोगोशेजारी नुसतं 'टीएम' असेल, तर तो फक्त दावा असतो. नोंदणी झालेल्या नावाला गोलातला 'आर' लावता येतो. नोंदणी नसताना तो लावणं हा कलम 107 खाली 2024 पर्यंत गुन्हा होता, आता त्यासाठी आर्थिक दंड होतो.