विमानतळाचे पाणी कोणाच्या दारी?



मी इंजिनियर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे शिकलो ते कामगारांत वावरून आणि सार्वजनिक वाचनालयात बसून. तेव्हा आजचा विषय कामगाराच्या हिशेबानेच मांडतो.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. १०० हेक्टर फरसबंदीवर तासाला ५० मिलिमीटर पडला, तर पाच कोटी लिटर. म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा हजार लिटर. तेथे माळ असता तर बराच वाटा मातीने पिऊन टाकला असता, उरलेला सावकाश वाहिला असता. काँक्रीट पीतही नाही आणि थांबवीतही नाही.

विमानतळाला पाण्याची घाई असते. धावपट्टीवर पाण्याचा थर राहिला तर चाके घसरतात. म्हणून ती मध्ये उंच ठेवून दोन्ही बाजूंस उतार देतात. शेजारी तळे साचू द्यावे, तर पक्षी येतात आणि ते विमानाच्या यंत्रात शिरण्याचे भय. म्हणून पाणी लवकर कुंपणाबाहेर काढण्याकडे कल असतो. पण कुंपणाबाहेर जग संपत नाही.

मुंबईचेच पाहा. विहार-पवईकडून निघालेली मिठी नदी सांताक्रूझच्या विमानतळाखालून जाऊन माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळ वाढला तशी नदी वळवली गेली, तिला काटकोनी वळणे मिळाली. वळणावर पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ बसतो. काठावर भराव पडला, वस्ती दाटली. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या, तेही ओहोटीच्या हिशेबाने बांधलेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि दुपारी भरतीही मोठी होती. विमानतळ बंद पडला. शेकडो माणसे गेली. आमचा एक लोडर त्या रात्री विमानतळावर अडकला होता. कुर्ल्याला मिठीकाठी त्याच्या खोलीत पाणी छताला लागले होते. बायकामुले शेजारच्या माडीवर चढली म्हणून वाचली.

एवढा पाऊस कोणतेच गटार पेलणार नाही, हे खरे. पण दोष सारा आभाळाचा म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग योजना कशी असावी? पहिले, भराव घालण्यापूर्वी ते पाणी आजवर कोठे मुरत व पसरत होते हे मोजावे. जागा उंच केली की तेथले पाणी शेजाऱ्याच्या सखल घरात जाते. दुसरे, जमिनीखाली टाक्या किंवा एकदोन दिवसांत कोरडे होणारे गवताळ खोलगट भाग ठेवून पाणी थोपवावे व हळूहळू सोडावे. तिसरे, नाल्याच्या तोंडाशी भरती असेल तर पाणी आपोआप उतरणार नाही; तेथे झडपा व पंप हवेत, आणि वीज गेली तरी ते चालले पाहिजेत. चौथे, नदीला तिची रुंदी द्यावी.

कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१८ च्या पुरात पंधरवडाभर बंद राहिला. त्यानंतर तेथे विमानतळाच्या आतील गटारांवर न थांबता आसपासच्या गावांतील ओढे-कालवे साफ व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. धडा हाच, की कुंपणापाशी थांबणारी योजना पुरी नव्हे.

आणि पाचवी गोष्ट नकाशात दिसत नाही. पावसाळ्यापूर्वी नाल्यातला गाळ काढणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो. त्याला बूट, हातमोजे आणि वेळेवर पगार नसेल, तर उत्तम नकाशाही जूनमध्ये तुंबतो.

नव्या मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदी वळवली गेली आणि २०२५ मध्ये तेथून विमाने उडू लागली. आपल्याही गावाजवळ उद्या धावपट्टी येईल. ती अवश्य यावी. तिथे आमच्या पोरांना काम मिळते. पण नकाशा जनतेपुढे मांडला जाईल तेव्हा एकच प्रश्न विचारा: 'साहेब, हे पाणी भरतीच्या वेळी कोणाच्या दारात जाणार?' उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.