आडनाव बदलून मिळेल का?

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या कचेरीत आला. हातात प्लास्टिकची फाईल, पायात भिजलेले बूट. "जयभीम सर" म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. संगणकशास्त्राचा पदवीधर, पुण्यात बाणेरला एका छोट्या कंपनीत तीन वर्षे नोकरी. मला वाटले, पगार थकला असेल, नाहीतर बाँडचे भांडण असेल. त्याने विचारले, "सर, आडनाव बदलायचं असेल तर राजपत्रात किती दिवसांत छापून येतं?"

मी क्षणभर गप्पच झालो. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे ज्या समाजाने लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली, प्राण दिले, त्या समाजाचा शिकलेला मुलगा स्वतःचे नाव पुसायला निघाला होता. रागवावे की समजून घ्यावे? मी म्हटले, "बाळा, आधी काय झालं ते सांग."

त्याची कंपनी चौदा माणसांची. परदेशातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवायच्या आणि सांभाळायच्या. सकाळी दहाला यायचे, रात्री साडेनऊला अमेरिकेतला ग्राहक फोनवर येतो म्हणून थांबायचे. नवे काम चालू करायच्या रात्री घरी जाणेच नाही. ओव्हरटाइम हा शब्द तिथे कोणी उच्चारत नाही, कारण "आपण सगळे एक कुटुंब आहोत". या कुटुंबात गणपतीची आरती होते, दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लागते. ती संस्कृती. या मुलाने १४ एप्रिलला टेबलावर बाबासाहेबांचा हातभर फोटो ठेवला, कंपनीच्या ग्रुपवर शुभेच्छा टाकल्या. त्या दिवसापासून कामात काही चूक सापडली की ग्रुपवर ती 'कोट्यातली चूक' झाली. त्याच्या आडनावावर कोटी करून चित्र फिरले. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, हा मुलगा परीक्षा आणि मुलाखत देऊन लागलेला, हे कोणाच्या ध्यानीमनीही नाही. त्याने मालकाकडे तक्रार केली. मालक शांतपणे म्हणाले, "हे बघ, ऑफिसात राजकारण नको. तू फोटो काढ, मी त्यांना गप्प करतो. अमेरिकेतल्या ज्या कंपनीकडून आपण काम शिकलो, तिनेसुद्धा हेच केलंय."

मालकांनी दाखला दिला तो खरा आहे, पण अर्धा. म्हणून तो पुरा सांगणे भाग आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात १९९९ साली 'थर्टीसेव्हन सिग्नल्स' ही वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी सुरू झाली. २००४ मध्ये तिने 'बेसकॅम्प' हे कामाची आखणी करण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. ते बनवताना डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश तरुणाने जी चौकट तयार केली, ती 'रूबी ऑन रेल्स' या नावाने जगाला मोफत दिली. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या कंपन्या याच चौकटीवर पोट भरतात. पुढे कंपनीनेही बेसकॅम्प हेच नाव घेतले, २०२२ मध्ये पुन्हा जुने नाव लावले. मालक हॅन्सन आणि जेसन फ्राइड यांनी पुस्तके लिहून सांगितले की कंपनी छोटीच ठेवा, कर्मचाऱ्याला पिळू नका. त्यांच्याकडे आठवड्याला चाळीस तास काम, उन्हाळ्यात चारच दिवस, घरून काम करण्याची मुभा. म्हणजे मालकांतला चांगला मालक म्हणावा असे हे उदाहरण.

याच कंपनीत कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे एक यादी सांभाळली होती. ज्यांच्या नावांचे हसू येते अशा ग्राहकांची यादी! त्यात आशियाई आणि आफ्रिकी वळणाची नावेही होती. मालकांना यादीची माहिती होती. २०२१ च्या सुरुवातीला काही कर्मचाऱ्यांनी हा विषय उघडपणे काढला. समानतेसाठी समिती नेमण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा साठेक माणसांच्या कंपनीतून वीसेक जण स्वतःहून पुढे आले. एका कर्मचाऱ्याने द्वेषाची उतरंड दाखवणारे चित्र चर्चेत मांडले: खाली थट्टा आणि पूर्वग्रह, शिखरावर वंशसंहार. यादी ठेवणे चूक होती हे मालकांना मान्य होते, पण थट्टेचा संबंध संहाराशी जोडणे त्यांना मान्य नव्हते. वाद वाढला. २६ एप्रिल २०२१ रोजी फ्राइड यांनी जाहीर केले की यापुढे कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेवर सामाजिक आणि राजकीय चर्चा बंद, आणि समित्याही बंद. ज्यांना पटत नसेल त्यांना काही महिन्यांचा पगार देऊन निरोप. काही दिवसांतच सुमारे एक तृतीयांश कर्मचारी नोकरी सोडून गेले.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. छोट्या कंपनीत रोज वाद होऊ लागले तर काम बुडते, हे खरे आहे. बाहेर, स्वतःच्या वेळेत बोलायला त्यांनी मनाई केली नव्हती, हेही खरे. पण या क्रमाकडे पाहा. थट्टेची यादी चालू होती तेव्हा त्याला कोणी राजकारण म्हटले नाही. यादीवर बोट ठेवले तेव्हा राजकारण सुरू झाले! शिकागोत आणि बाणेरला नियम एकच. ज्याच्या हातात रेघ ओढण्याचा अधिकार आहे त्याची चालरीत ती 'संस्कृती', आणि ज्याच्यावर रेघ ओढली जाते त्याची तक्रार ते 'राजकारण'. ज्या माणसाचे आडनावच त्याची जात सांगते, त्याने राजकारण बाहेर ठेवून आत यायचे म्हणजे स्वतःला दाराबाहेर ठेवून आत यायचे.

हे आपल्याला नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकरांना विटाळाची भीती. विणाईत पगार जास्त, आणि नेमके तेच दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आज धोटा नाही, पण विणाई खाते आहे. आमच्या या मुलाला तीन वर्षांत एकदाही ग्राहकाशी बोलायला बसवले नाही. "उच्चार जरा गावाकडचे आहेत," म्हणे. प्रोग्राम त्याने लिहायचा, बोलणार दुसरा, आणि पगारवाढ बोलणाऱ्याला.

आता कायद्याचे पाहू. संविधानाच्या कलम १६ ची समान संधी सरकारी नोकरीपुरती आहे. कलम १७ खाजगी माणसालाही लागू आहे आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये नोकरीचाही उल्लेख आहे. पण सिद्ध कसे करणार? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून २००७ मध्ये दाखवून दिले, की पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला बोलावणे कमी येते. अभ्यासात ते दिसते, एकट्या उमेदवाराला मात्र न आलेल्या पत्राचा पुरावा कुठून मिळणार? अॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात म्हटले. मग चौदा जणांचा ग्रुप म्हणजे चार भिंती की चावडी? वकिलांनी हा प्रश्न न्यायालयात नेटाने लढवला पाहिजे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. जातीच्या छळासाठी खाजगी कंपनीत अशी समिती सक्तीची का नाही? ही मागणी आपण लावून धरायला हवी.

उलट गाडी मागे चालली आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. शिकागोच्या मालकाने चाळीस तास दिले ती त्याची मर्जी. मर्जी एका सकाळी बदलते, हे २०२१ ने दाखवले. कायदा असा एका माणसाच्या लहरीने बदलत नाही, म्हणून बाबासाहेबांनी दया मागितली नाही, कायदा केला. आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये काय मंजूर केले? दुकाने व आस्थापना कायदा लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर, दिवसाचे तास नऊवरून दहा. चौदा माणसांचे 'कुटुंब' म्हणजे बरोबर या फटीत बसते!

तरीही हात रिकामे नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कामगारांच्या विरोधातले पुष्कळ आहे आणि त्याविरुद्ध लढायचेच आहे. पण नेमणूकपत्र मागा, तो हक्क आहे. वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर किंवा काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देणे चुकते झाले पाहिजे. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. तक्रार तोंडी करू नका, ई-मेलने करा. ग्रुपवरची थट्टा तारखेसह जपून ठेवा. आणि एकटे लढू नका. चौदा जणांच्या कंपनीत आपला एकच मुलगा असतो, पण बाणेर, हिंजवडी, खराडी मिळून असे एकेकटे कितीतरी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार एखाद्या विहारात बसायला काय हरकत आहे? विहार हे वंदनेइतकेच सल्ल्याचे ठिकाण झाले पाहिजे.

त्या मुलाने पुढे नोकरी सोडली. अडवलेला दीड महिन्याचा पगार नोटीस गेल्यावर मिळाला. आडनावाचा अर्ज मी त्याला भरून दिला, वकील म्हणून ते माझे काम आहे. तो फाईलमध्ये घालून घेऊन गेला आणि अजून तरी सहीसाठी परत आलेला नाही. आला तर मी त्याला बोल लावणार नाही. पोटासाठी नाव झाकावे लागते, हा त्याचा गुन्हा नव्हे. पण तो अर्ज तसाच कोरा राहावा, असे वाटत असेल तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आपण जाऊन बसले पाहिजे. जयभीम.