परसातील कोंबडी : तलंगांचा भात आणि पोत्यावरचे वेळापत्रक

पावसाळ्यात खाद्याच्या पोत्याला लागणारी बुरशी हा या आठवड्याचा नियोजित विषय होता. परंतु कल्याण तालुक्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मूलभूत आहे की बुरशीला आणखी आठवडाभर थांबावे लागेल. घरात उरलेला भात आणि गिरणीतील कोंडा यांवर तलंगा वाढवता येतील का, आणि अंड्यावरचे खाद्य लवकर सुरू केल्यास अंडीही लवकर येतील का, असा तो दुहेरी प्रश्न आहे. तलंग म्हणजे पिलाची अवस्था ओलांडलेली, पण अद्याप अंड्यावर न आलेली मादी. राज्याच्या अनुदान योजनेतून ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो, त्यामुळे मुरबाड, शहापूर किंवा कल्याण-डोंबिवलीलगतच्या गावांतील पाळणाऱ्याच्या हाती पक्षी नेमका याच अवस्थेत येतो.

भाताचा हिशेब सोपा आहे. शिजलेल्या भातात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि प्रथिने जेमतेम अडीच ते तीन टक्के, तर वाढत्या तलंगेच्या खाद्यात, म्हणजे ज्याला बाजारात ग्रोअर म्हणतात त्यात, प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास लागतात. बारा आठवड्यांची तलंग दिवसाला साधारण ६० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे तिला नऊ-दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढी भातातून मिळवायची तर तिला जवळपास साडेतीनशे ग्रॅम भात गिळावा लागेल, आणि तिचे पोट तेवढे नाही. भाताने ती तृप्त दिसते, वाढत मात्र नाही.

भात आणि कोंबडी यांचा संबंध वैद्यकाच्या इतिहासातही आहे आणि तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डच वैद्य क्रिस्तियान आइकमन १८८६ मध्ये बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्यासाठी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेले. पुढे काही वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि नंतर कोणताही उपचार न करता त्या बऱ्या झाल्या. चौकशीअंती असे दिसले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या तांदळाचा उरलेला भात मिळत होता आणि नव्या स्वयंपाक्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचे नाकारल्यावर त्या पुन्हा असडी, म्हणजे कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या होत्या. कोंड्यासोबत जाणारे द्रव्य ब-१ जीवनसत्त्व होते हे पुढे कळले, आणि आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. एका स्वयंपाक्याच्या काटकसरीचे विज्ञानावर एवढे ऋण क्वचितच असेल.

यावरून कोंडा म्हणजे पूर्ण खाद्य असा निष्कर्ष मात्र काढू नये. जुन्या हलरच्या गिरणीतून येणारा कोंडा तुसासह येतो, त्यातील बराच भाग तलंगेला पचत नाही, आणि त्यातील तेल दमट हवेत काही दिवसांतच खवट होते. त्यातील बहुतेक स्फुरद फायटेट या बांधलेल्या रूपात असल्यामुळे कॅल्शियमचेही शोषण घटते. म्हणून ताजा कोंडा आणि मूठभर कण्या ग्रोअर खाद्याला जोड म्हणून चालतील, त्याच्या जागी नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक धोक्याचा आहे. अंड्यावरच्या खाद्यात, म्हणजे लेअरमध्ये, कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, ग्रोअरमध्ये सुमारे एक टक्का. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीला ते प्रमाण हवेच. परंतु अंडी न देणाऱ्या तलंगेत या जादा कॅल्शियमला वाट नसते, ते मूत्रपिंडांवर येते, तेथे खडे धरतात आणि नुकसान बहुधा ऐन अंड्याच्या दिवसांत उघड होते. शिवाय अंडे कॅल्शियमने लवकर येत नाही. त्याला वय, वजन आणि दिवसाच्या प्रकाशाची लांबी कारण असते.

येथे पोत्यावरचे वेळापत्रक फसवते. सतरा-अठराव्या आठवड्यात लेअर सुरू करा असे त्यावर छापलेले असते ते व्यापारी संकरित कोंबड्यांसाठी, ज्या त्याच सुमारास अंड्यावर येतात. परसात पाळल्या जाणाऱ्या वनराज किंवा गिरिराज तलंगा पहिले अंडे साधारण साडेपाच ते सहा महिन्यांनी देतात, म्हणजे पोत्याप्रमाणे चालणारा त्यांना महिना-दीड महिना आधीच चुन्यावर बसवतो. आठवडे मोजण्यापेक्षा तुरा लाल होणे, पाठीवर हात ठेवताच तलंगेने दबून बसणे आणि घरट्याची जागा शोधत फिरणे या खुणा पाहाव्यात. पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी तिच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा होऊ लागतो. पोकळीत तयार होणाऱ्या या हाडाला मज्जास्थी म्हणतात आणि रात्री कवच घडताना, पोटातील खाद्य संपल्यावर, कॅल्शियम तेथूनच उचलले जाते. हा साठा होऊ लागतो त्याच वेळी खाद्य बदलणे रास्त.

ज्यांच्याकडे तलंगा आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकाच खुराड्यात आहेत त्यांनी सर्वांना ग्रोअर द्यावे आणि शिंपल्यांचे तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. जिला गरज ती संध्याकाळी ते टिपते. तिसऱ्यांची स्वच्छ धुऊन वाळवलेली कवचे यासाठी उत्तम, पण त्यांची पूड करू नये, कारण दोन ते चार मिलिमीटरचा तुकडा पेषणीत रात्रभर टिकतो आणि सावकाश विरघळतो, तर पूड लगेच निघून जाते. तसेच पोते विकत घेताना प्रथिनांच्या आकड्याआधी कॅल्शियमचा आकडा वाचावा, आणि तो छापलेलाच नसेल तर ते पोते तलंगांसाठी घेऊ नये.