साडेआठचा पाऊस

शोधनिबंध पाठवण्याचं काम रात्रीच होतं. दिवसा सर्व्हर तरी बसलेला असतो, नाहीतर मीटिंग असते, नाहीतर एखादा सहलेखक ‘फक्त एक वाक्य बदलूया’ म्हणून फोन करतो. त्या रात्री पावणेबारा वाजले होते, डबा न उघडता बॅगेत तसाच पडला होता आणि मी नियतकालिकाच्या पोर्टलवरचे रकाने एकेक करून भरत होते.

विषय होता घाटमाथ्यावरचा पाऊस उपग्रहाला कितपत दिसतो हा. एका बाजूला सह्याद्रीतल्या पर्जन्यमापकांचे रोजचे आकडे. दुसऱ्या बाजूला ‘आयमर्ग’, म्हणजे २०१४ साली सुरू झालेल्या जीपीएम मोहिमेतल्या उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दर अर्ध्या तासाचा पाऊस सांगणारा संच. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि फरक मांडायचा. माझे निष्कर्ष दोन होते. एक, उपग्रह घाटात पाऊस कमी दाखवतो. दोन, कोणत्या दिवशी धो धो पडला आणि कोणत्या दिवशी नुसती भुरभुर झाली, हेही त्याला नीट कळत नाही. पहिला निष्कर्ष अनेकांनी आधी सांगितलेला. दुसऱ्यावर माझा जीव होता.

निबंध लिहून झाला म्हणजे काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण लिहिलेला निबंध आणि पाठवता येण्याजोगा निबंध यांत दोन आठवडे जातात. प्रत्येक सहलेखकाचा ओरसिड, म्हणजे १६ आकडी ओळखक्रमांक, गोळा करायचा. कोणी काय काम केलं, हितसंबंध काय, पैसे कोणी दिले, हे लिहायचं. आकडे आणि प्रोग्रॅम लोकांना मिळतील अशा ठिकाणी ठेवायचे. मी ते सर्न चालवत असलेल्या ‘झेनोडो’वर ठेवले आणि मिळालेला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, निबंधात चिकटवला. आकृत्यांचे रंग बदलायचे, कारण लाल आणि हिरव्यातला भेद न दिसणारे वाचकही असतात. काही नियतकालिकं आकृती आधी रंगांधतेच्या चाचणीतून काढून पाहा, असं सांगतात. शेवटी सगळ्या मजकुराला सलग ओळक्रमांक द्यायचे. रेफरीला, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाला, बोट ठेवायला जागा हवी, म्हणून ते असतात. पुढे एका बोटाने मला दोन महिने झोपू दिलं नाही.

त्याआधी, पाठवायचा कुठे, हा प्रश्न. आमच्या धंद्यात प्रत्येक नियतकालिकाचा एक स्वभाव असतो. ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ १८७२पासून निघतंय, म्हणजे नावात ‘मंथली’ असलं तरी वय दीडशेच्या वर. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांचा मान्सूनच्या ढगपट्ट्यावरचा निबंध १९८० साली त्यातच आला. समुद्रावर उठणारा ढगांचा पट्टा पुन्हा पुन्हा उत्तरेकडे कसा सरकतो, हे त्यांनी रोजच्या उपग्रहचित्रांवरून दाखवलं. ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ घाईतल्या माणसांसाठी: सारांश १५० शब्दांत, आणि वर तीन ठळक मुद्दे, प्रत्येक १४० अक्षरांच्या आत. चार वर्षांच्या मेहनतीचं १४० अक्षरांत काय उरतं, ते एकदा बसून बघावं, अहंकार उतरतो. आणि आपलं घरचं ‘मौसम’, भारतीय हवामान खात्याचं, १९५०पासूनचं. खुल्या नियतकालिकांत वाचकाला पैसे पडत नाहीत, लेखकाला पडतात, तेही डॉलरमध्ये किंवा युरोत. त्यामुळे निवड करताना विज्ञानाइतकाच संस्थेच्या लेखा विभागाचाही विचार करावा लागतो.

पहिल्या ठिकाणाहून निबंध नवव्या दिवशी साभार परत आला. रेफरीपर्यंत गेलाच नाही. संपादकांनी दोन परिच्छेदांत नम्रपणे लिहिलं होतं, की काम नेटकं आहे, पण आमच्या वाचकांना फार स्थानिक वाटेल. घाट स्थानिकच असतात, त्याला मी काय करणार? पण असं उत्तर पाठवायची पद्धत नाही. आठवडाभर धुसफुस करून मी निबंध नव्या साच्यात ओतला. संदर्भांची मांडणी बदलली, आकृत्यांच्या खालचा मजकूर आखडला आणि दुसरीकडे पाठवला.

हे दुसरं नियतकालिक खुल्या चर्चेच्या धाटणीचं. ही पद्धत रुळवली ती २००१ साली सुरू झालेल्या ‘ॲटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’ने, उलरिक पोश्ल यांच्या पुढाकाराने. संपादकाने प्राथमिक नजर टाकली, की मसुदा सगळ्यांसमोर येतो. रेफरींचे अभिप्राय, वाटेल त्या वाचकाचे शेरे, लेखकाची उत्तरं, सगळं त्याच्याखाली जाहीर लागत जातं आणि कायमचं राहतं. रेफरी नाव सांगू शकतो किंवा झाकू शकतो. लेखकाला मात्र झाकायला जागा नाही. जुन्या पद्धतीत फजिती तीन-चार माणसांत राहायची. इथे तिलाही डीओआय मिळतो.

मग वाट पाहणं. पोर्टलवर आपल्या निबंधाची ‘स्थिती’ दिसते आणि ती दिवसातून चारदा बघायची सवय लागते. संपादक रेफरी शोधतायत. अजून शोधतायत. रेफरीला या कामाचे पैसे मिळत नाहीत. तो कुठेतरी आपली व्याख्यानं, आपली मुलंबाळं, आपले अडकलेले निबंध सांभाळून रात्री माझा निबंध उघडणार. मीही दुसऱ्यांसाठी हेच करते, आणि माझ्याकडूनही मुदत टळते. तरी स्वतःच्या वेळेला हे समजूतदारपण कामी येत नाही.

सातव्या आठवड्यात पहिला अभिप्राय आला. अर्धं पान. विषय महत्त्वाचा, भाषा नीट, आकृती ४ मोठी करा. मी सरांना फोन करून पेढे आणते म्हणाले. सर निवृत्त झालेत, पण निबंधात शेवटचं नाव त्यांचं. ते म्हणाले, ‘अगं, दुसरा येऊ दे.’

दुसरा चार दिवसांनी आला. साडेचार पानं, नाव नाही. रेफरी क्रमांक दोन हा जगभरच्या प्रयोगशाळांत चहाबरोबरचा विनोद आहे: हा नेहमी खवट असतो म्हणे. माझा खवट नव्हता. त्याने किंवा तिने निबंध माझ्यापेक्षा लक्ष देऊन वाचला होता, एवढंच. ओळ ४८, संदर्भ चुकीच्या वर्षाचा. ओळ १३१, थेंब आणि ढगकण यांत गल्लत. आणि मग ओळ २१४. तिथे मी लिहिलं होतं, ‘दोन्ही संचांतल्या दैनिक पावसाची तुलना केली.’ त्यावर एकच प्रश्न होता: दैनिक म्हणजे कोणता दिवस?

मी खुर्चीत मागे टेकले आणि पोटात गोळा आला.

भारतात पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. यूटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत, तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. ५ जुलैचा पाऊस म्हणजे ४ जुलैच्या सकाळी साडेआठपासून ५ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा. उपग्रहसंचाचा दैनिक आकडा मात्र यूटीसीच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून दुसऱ्या पहाटे साडेपाचपर्यंतचा. त्याचा ५ जुलै ५ तारखेच्या साडेपाचला सुरू होतो. आमच्या प्रोग्रॅमने दोन्हीकडची सारखी तारीख बघून आकडे शेजारी बसवले होते. कागदावर पेन्सिलने दोन आडव्या रेघा मारून पाहिल्या. दोन्ही ‘५ जुलै’मध्ये सामाईक होते फक्त तीन तास, साडेपाच ते साडेआठ. उरलेले २१ तास मी आज पडलेल्या पावसाची तुलना कालच्या पावसाशी करत होते.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लाज त्याचीच वाटली. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथून बस बदलत मी शिकले. साडेआठची वेळ हवामानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगतात. पण फाइलमध्ये वेळेचा रकाना नव्हता, नुसती तारीख होती, आणि तारखेला तारीख जुळली की माणूस पुढे सरकतो.

तरी खात्री करावी म्हणून घाटातल्या एका केंद्रावरच्या निरीक्षकांना फोन लावला. वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

‘काका, वहीत ५ तारखेसमोर लिहिता तो पाऊस कधीचा?’

‘ताई, ५ तारखेला सकाळी साडेआठला बाटलीत जेवढा सापडला तेवढा. तो रात्री पडला का काल दुपारी, ते बाटली सांगत नाही.’

मला त्यांचं काम डोळ्यांसमोर आलं. एकदा मी ते शेजारी उभं राहून पाहिलंय. कुंपणातला हिरवट पर्जन्यमापक, वरचं नरसाळं फिरवून काढायचं, आतली बाटली उचलायची, खुणा केलेल्या काचेच्या मोजपात्रात पाणी ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेइतका खाली आणून आकडा वाचायचा. जुलैत घाटात एका मोजपात्राने भागत नाही. पुन्हा भरायचं, पुन्हा वाचायचं, वहीत बेरीज मांडायची. एका हातात छत्री असते, वही शर्टाच्या आत. २०१४ साली ‘मौसम’मध्ये देशाच्या १९०१पासूनच्या दैनिक पावसाच्या जाळीदार नकाशांवरचा निबंध आला, त्यात ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या आहेत. तेवढ्या बाटल्यांचा दिवस साडेआठला संपतो. माझ्या प्रोग्रॅमने तो मध्यरात्री संपवला होता.

चूक इतके दिवस टिकली कशी, याचं उत्तर चुकीपेक्षा बोचरं होतं. दोन संच दिवसागणिक जुळत नाहीत, हे दिसल्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे कारण तयार होतं, आणि कारण खरंही होतं. जमिनीवरचा पाऊस उपग्रहावरचे सूक्ष्मलहरी संवेदक मुख्यतः ढगाच्या वरच्या भागातल्या बर्फावरून ओळखतात. पश्चिम घाटातला बराचसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो; ते पुरेसे उंच जातच नाहीत, त्यामुळे त्यांत बर्फ फारसा नसतो. वरून पाहणाऱ्याला ढग साधा दिसतो आणि खाली लोक भिजत असतात. हे पाठ असल्यामुळे न जुळणारा प्रत्येक दिवस मी त्या ढगांच्या नावावर टाकला. कारण चुकीचं असतं तर लवकर पकडले गेले असते.

आम्ही सगळं पुन्हा केलं. उपग्रहाचा तयार दैनिक आकडा सोडून दिला. यूटीसीच्या तीनपासून दुसऱ्या दिवशीच्या तीनपर्यंतचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ तुकडे बेरजेला घेतले आणि ती बेरीज काकांच्या तारखेसमोर ठेवली. संगणकाला तीन दिवस लागले. पहिला निष्कर्ष जागचा हलला नाही, आणि हलायचं कारणही नव्हतं: जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांच्या बेरजेत दोन्ही टोकांना एखाद्या दिवसाची सरकासरकी झाली तर फरक नगण्य. उपग्रह घाटात पाऊस कमीच दाखवत होता. दुसरा निष्कर्ष, माझा लाडका, बराचसा विरघळला. कोणत्या दिवशी जोर होता हे उपग्रहाला आमच्या दाव्यापेक्षा खूप चांगलं कळत होतं. कळत नव्हतं ते आम्हाला.

मग उत्तराचं पत्र. त्याची एक ठरलेली रीत असते. रेफरीचं वाक्य काळ्या अक्षरांत जसंच्या तसं, त्याखाली आपलं उत्तर निळ्यात, त्याखाली बदललेला मजकूर ओळक्रमांकासह. सुरुवात आभारांनी. शंभरातल्या नव्वद पत्रांत हे आभार शिष्टाचाराचे असतात. मी पहिला खर्डा असा लिहिला, की ‘दिवसाच्या व्याख्येचा संभाव्य परिणाम आता तपासला आहे.’ सरांनी तो वाचून फोन केला.

‘संभाव्य काय त्यात? चुकलं म्हण ना.’

‘सर, हे कायम तिथे दिसणार.’

‘म्हणूनच म्हणतोय.’

ते वाक्य काढलं. लिहिलं, की आम्ही वेगवेगळ्या दिवसांची तुलना केली होती, ती चूक आमची, दुरुस्तीनंतर दुसरा निष्कर्ष मागे घेत आहोत. शीर्षकातून एक शब्द गेला. सारांश तीन ओळींनी आखडला. निबंधाच्या पद्धती विभागात मात्र एक नवं वाक्य आलं, दिवस कुठून कुठपर्यंत हे सांगणारं. सगळ्या निबंधात त्या वाक्याइतकं महाग दुसरं काही नव्हतं.

सुधारित प्रत गेली. रेफरी दोनचं उत्तर या वेळी एका ओळीचं आलं: माझ्या शंकांचं निरसन झालं. मी ती ओळ दोनदा वाचली. ज्याचं नाव मला कधीच कळणार नाही त्या माणसाला पेढे कसे द्यायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

स्वीकाराचं पत्र आलं, मग प्रूफ आली. प्रूफ तपासणारी माणसं हवामानातली नसतात. ती स्वल्पविराम, एककं आणि आकड्यांची मांडणी बघतात आणि जिथे अडतात तिथे समासात प्रश्न टाकतात, ४८ तासांत उत्तर द्या म्हणून. माझ्या प्रूफमध्ये नऊ प्रश्न होते. आठ आद्याक्षरांचे आणि संदर्भांतल्या पानक्रमांकांचे. नववा त्या नव्या वाक्यापाशी. दिवस साधारणपणे ००:०० यूटीसीला सुरू होतो, इथे ०३:०० छापलंय. कृपया बरोबर आहे का, ते कळवावं.

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर पाऊस होता. घाटात काका छत्री उघडून कुंपणाकडे निघाले असतील. मी त्या चौकटीत लिहिलं, ‘बरोबर आहे,’ आणि प्रूफ पाठवून दिली.